तिसऱ्या टेबलावरचं जिग

१४ सप्टेंबर, बुधवार

आमच्या कॉलेजातल्या ग्लॅटफेल्टर बाईंनी बोलावलं होतं. दार उघडंच होतं, तरी मी दोनदा वाजवलं. गेल्या आठवड्यात मी एका शाळेच्या कार्यशाळेत सातवीचा तास घेतला, त्याचा अहवाल त्यांनी माझ्यापुढे सरकवला. त्यात होतं: "एनोस रीलची तयारी उत्तम. आराखडा मिनिटामिनिटाचा. चोवीस मुलांपैकी सात जणांच्या हातून त्याने करवत काढून घेतली आणि त्यांचं काम स्वतः पुरं केलं."

मी म्हणालो, "सातही तुकडे सरळ कापले गेले, बाई."

"गेले ना. कोणी कापले?"

"मी. म्हणून तर सरळ गेले."

जानेवारीपासून मला चार महिने शाळेवर शिकवायला पाठवायचं की नाही, ते आमचा विभाग नोव्हेंबरच्या अधिवेशनानंतर ठरवणार आहे. नाही म्हणाले तर तंत्रज्ञान-शिक्षक व्हायचा माझा अभ्यासक्रम तिथेच संपला. बाई म्हणाल्या, "तुला कपाटं बनवता येतात हे आम्हाला पटलंय, एनोस. शिकवता येतं का, ते बघायचंय."

माझी शाळा आठवीपर्यंत. वीज-फोन न वापरणाऱ्या आमच्या आमिश पंथाच्या घरात तेवढीच असते: एक खोली, आठ इयत्ता, एक बाई. नंतर वडिलांच्या फर्निचरच्या कारखान्यात. एकोणिसाव्या वर्षी घर सोडलं, बाविसाव्या वर्षी बारावीच्या बरोबरीची परीक्षा बाहेरून दिली. आता पंचवीस पुरी आहेत. वर्गातली बाकीची मुलं वीस-एकवीसची.

वडिलांनी मला कधी काही शिकवलं नाही. त्यांच्या कारखान्यात बोलायची रीतच नाही. उभं राहायचं, पाहायचं, मग करायचं. मला तर असंच येत गेलं. मग सातवीतल्या मुलांना का येत नाही, हे मला खरोखर कळत नाही.

२० सप्टेंबर, मंगळवार

अधिवेशनासाठी संघ ठरले. पूर्व विभागातल्या अकरा कॉलेजांचे होणारे शिक्षक येणार, व्हर्जिनियात समुद्रकाठच्या हॉटेलात, ६ ते ८ नोव्हेंबर. कोणी नमुना पाठ घेणार, कोणी यंत्रमानव चालवणार. आम्ही तिघं उत्पादन स्पर्धेत. यारेलिस फेलिसियानो रेडिंग शहरातली आहे, ती जेवतानाही बोलते. ब्रेंट डंकलबर्गरचे वडील आणि आजोबा दोघंही हाच विषय शिकवायचे. त्यामुळे त्याला वाटतं, तो आपोआपच शिक्षक होणार.

नियम मी तीनदा वाचला. एक लहान लाकडी वस्तू निवडायची आणि ती पटापट बनवायची सोय चार टेबलांवर मांडायची. वेळ नव्वद मिनिटं. पण टेबलांवर काम करणार दुसऱ्या कॉलेजचे विद्यार्थी, ज्यांनी ती वस्तू आधी पाहिलेलीही नाही. आपण नुसतं बोलायचं. लाकडाला, हत्याराला, कशालाही आपला हात लागला की संघ बाद.

यारेलिस म्हणाली, "एनोस, हा नियम तुलाच समोर बसवून लिहिलाय बघ."

ब्रेंट म्हणाला, "आपण याचे हात इथंच कपाटात ठेवून जाऊ."

मी म्हणालो की नियम चांगला आहे. सूचना नीट लिहिल्या तर हात लावायची वेळच येणार नाही.

३ ऑक्टोबर, सोमवार

वस्तू ठरली: मोबाइल उभा ठेवायची मेपलची छोटी घडवंची. पहिल्या टेबलावर घासायचं, दुसऱ्यावर खुणा करायच्या, तिसऱ्यावर भोकं पाडायची, चौथ्यावर खुंट्या बसवून तेल लावायचं. अवघड टेबल तिसरं. भोकं तिरकी गेली की घडवंची डुगडुगते.

म्हणून तिसऱ्या टेबलासाठी मी जिग केलं. ही एक चौकट असते. तिच्यात लाकूड सरकवायचं, एका हाताने लाकूड आवळणाऱ्या क्लॅम्पचा दांडा दाबून धरायचा, दुसऱ्या हातातलं ड्रिल पोलादी नळीतून खाली सोडायचं. भोक चुकूच शकत नाही. आराखडा शोधावा लागला नाही. वडिलांच्या कारखान्यातलं भोकांचं टेबल माझ्या डोळ्यांपुढे आहे, जसंच्या तसं लहान करून बनवलं. तिथे वीज नाही, ड्रिल हवेच्या दाबावर चालतं, एवढाच फरक.

पन्नास तुकडे पाडून पाहिले. पन्नासही बरोबर.

११ ऑक्टोबर, मंगळवार

यारेलिसने जिगवर सहा तुकडे केले. चार फुकट. ती हात एकमेकांवरून ओलांडून काम करते, वेणी घातल्यासारखी. मी सांगितलं की सरळ उभी राहा.

"सरळच उभी आहे रे. तुझं हे यंत्र माझ्या अंगावर येतं."

"ते टेबलाला स्क्रूने बसवलंय. अंगावर कसं येईल?"

तिने ड्रिल खाली ठेवलं आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाली. ब्रेंट हसला, पण त्याला स्पॅनिश येत नाही. मग त्याने करून पाहिलं आणि ड्रिलचं एक पातं मोडलं. तो म्हणाला, "असल्या बारीक कामाला आपले हात नाहीत, बाबा." त्याचं लक्ष कामात नव्हतं असं मला वाटतं.

बिघडलेले तुकडे ते दोघं गेल्यावर मी पुन्हा करून ठेवले.

१९ ऑक्टोबर, बुधवार

सूचनांची पुस्तिका पुरी झाली. चौदा पानं, बावीस आकृत्या. प्रत्येक शब्द शब्दकोशात पाहून घेतला. तिसऱ्या टेबलाला पान पाच ते आठ. उभं कसं राहायचं याचीही आकृती आहे. लिहिताना तळहाताची कड ओळींवरून घसटते आणि शाई पसरते, म्हणून दोन पानं पुन्हा काढावी लागली.

यारेलिसने पुस्तिका हातात घेऊन तोलली. "हे वाचेपर्यंत माणूस निवृत्त होईल."

मी तिला विचारलं की नेमकं कुठलं पान कमी करू. ती म्हणाली, "पान नाही रे. एकदा आम्हाला दोघांना नुसतं काम करू दे. तू बाहेर जा, कॉफी पी."

वेळ नव्हता. शिवाय मी बाहेर गेलो आणि चूक झाली तर दुरुस्त कोण करणार?

३० ऑक्टोबर, रविवार

जेवण नीट जात नाही. बाईंच्या खोलीवरून दोनदा गेलो, काही कारण नसताना.

६ नोव्हेंबर, रविवार

व्हॅनने सहा तास. ब्रेंटने आणलेली खारी प्रेटझेलं सगळ्यांनी संपवली. हंगाम नसल्यामुळे हॉटेलात आमच्याखेरीज कोणी नाही. समुद्र राखाडी होता. वाळूवर एक गृहस्थ धातू शोधायचं यंत्र फिरवत होते, ते मी बराच वेळ पाहिलं. त्यांना काहीच सापडलं नाही, पण प्रत्येक पाऊल ते आदल्या पावलाला टेकवून टाकत होते. ती पद्धत मला आवडली.

संध्याकाळी खेकड्याचं सूप आणि मक्याची भाकरी. लांबलचक टेबलं होती. मी नेहमीप्रमाणे डावीकडचं टोक पकडलं, नाहीतर जेवताना शेजाऱ्याच्या कोपराला माझं कोपर लागतं. शेजारी न्यू जर्सीचा एक मुलगा होता. त्याने विचारलं की तुला शिक्षक का व्हायचंय. मी पुष्कळ विचार करून सांगितलं की मला गोष्टी बरोबर झालेल्या आवडतात. तो म्हणाला, "मग तू चुकीच्या धंद्यात आलास, भाऊ. आमच्या शाळेतली पोरं परवा स्टूल बनवत होती. एकाला पाच पाय होते." हे सांगताना तो खूश दिसत होता. मला कारण कळलं नाही.

७ नोव्हेंबर, सोमवार

सगळं क्रमाने लिहितो.

स्पर्धा नऊला सुरू झाली. पंच एक निवृत्त शिक्षक होते, कानावर पेन्सिल. ग्लॅटफेल्टर बाई भिंतीला टेकून वही घेऊन उभ्या. आमच्या चार टेबलांवर नॉर्थ कॅरोलायनाचे चार विद्यार्थी आले. तिसऱ्या टेबलावर डेल्फीन ब्रॉडनॅक्स नावाची मुलगी. तिने बाह्या वर केल्या, जिगवर टिचकी मारली आणि म्हणाली, "देखणं आहे. याला खायला काय घालायचं?"

मी पुस्तिका उघडून पान पाच वाचायला लागलो.

पंचवीस मिनिटांत तिने नऊ तुकडे केले. सात बाद. दोन पाती मोडली. चौथ्या टेबलावरचा मुलगा रिकामा बसला होता, दुसऱ्यावर तुकड्यांचा ढीग साचला होता. तिचेही हात एकमेकांना ओलांडत होते, अगदी यारेलिससारखे. मी म्हणालो, "पान सहा, तिसरी ओळ."

"पान सहा मला पाठ झालंय," ती म्हणाली. "पान सहाला माझे हात दिसत नाहीत."

"सरळ उभी राहा."

"अरे बाबा, तू एकदा करून दाखव ना."

तिसरं पातं वाकायला लागलेलं मला दिसत होतं. माझा हात पुढे गेला. यारेलिसने मागून माझा कोट धरला. पंच म्हणाले, "हात." एवढंच म्हणाले. मी दोन्ही हात खिशात घातले.

आता माझ्यापाशी काही नव्हतं. पुस्तिका होती, ती वाचून झाली होती. मग मी विचारलं, "तुला नेमकं अडतंय कुठे?"

ती लगेच बोलली नाही. मलाही बोलायला काही नव्हतं, म्हणून मी थांबलो. ब्रेंट नंतर म्हणाला की त्याला वाटलं मला चक्कर येतेय.

डेल्फीन म्हणाली, "डावा हात कुठे ठेवू, ते सांग. उजव्यात ड्रिल आहे. क्लॅम्प उजवीकडे. डाव्याने तो धरायचा तर ड्रिलच्या खालून हात घालावा लागतो. हाताचं भोक पडेल म्हणून मी ड्रिल तिरकं धरते. त्याने पातं मोडतं."

मी पुस्तिका पाहिली. तिथे लिहिलं होतं: "दुसऱ्या हाताने दांडा दाबून धरावा." कुठला दुसरा ते लिहिलेलं नव्हतं. मी खिशातून हात काढले आणि हवेतच ते काम करून पाहिलं. डाव्यात ड्रिल, उजव्यात दांडा. किती सोपं होतं.

यारेलिस म्हणाली, "एनोस. तू डावखुरा आहेस."

"हो. तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. तुला माहीत होतं का?"

एक करवत आणि वीस मिनिटं मिळाली असती तर मी जिग फिरवून बसवलं असतं. पण परवानगी नव्हती. मी डेल्फीनला सांगितलं, "जिग उलटं झालंय. माझी चूक. काय करायचं मला माहीत नाही. तू काय करशील?"

तिने टेबलाभोवती एक फेरी मारली. पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिथून क्लॅम्प तिच्या डावीकडे आला. पण लाकूड आत सरकवायचं तोंड अलीकडेच राहिलं. तिने पहिल्या टेबलावरच्या आपल्या मित्राला हाक मारली, "ए कॉर्विन, घासणं पुरे. इकडे ये, तू भर, मी पाडते." तो लाकूड भरायचा, बोटं बाहेर काढून "झालं" म्हणायचा, मग ती ड्रिल सोडायची. 'झालं' म्हणायचं त्यांनीच ठरवलं. माझ्या पुस्तिकेत तो शब्द नाही. असायला हवा होता.

त्यानंतरचे सगळे तुकडे बरोबर आले. पण घासायला आता माणूस नव्हता आणि एका टेबलावर दोघं अडकले होते. शेवटी एकोणीस घडवंच्या झाल्या. पहिल्या आलेल्या संघाच्या एकेचाळीस. अकरा संघांत आम्ही आठवे.

शेवटच्या तासात मी फारसं बोललोच नाही. पुस्तिका बंद होती. खिशात हात घालून पाहत उभा होतो. एकदा तर कॉर्विन चुकला, त्याचं त्यालाच कळलं आणि त्याने दुरुस्त केलं, तोवर मी तोंडही उघडलं नव्हतं. हे सगळं माझ्याविरुद्ध जाणार. बाई भिंतीपाशी बराच वेळ लिहीत होत्या.

जाताना डेल्फीनने माझ्याशी हस्तांदोलन केलं. डावा हात पुढे केला. तिच्या मित्रांना हसू आवरेना. मलाही थोडं आलं.

८ नोव्हेंबर, मंगळवार

परतीच्या व्हॅनमध्ये मी यारेलिस आणि ब्रेंटची माफी मागितली. काय बोलायचं ते लिहून घेतलं होतं.

यारेलिस म्हणाली, "कागद ठेव खाली. माफ. पण पुढच्या वेळी मी 'अंगावर येतं' म्हणाले तर स्क्रू मोजू नकोस."

ब्रेंट खिडकीतून बाहेर पाहत होता. तसंच पाहत म्हणाला, "अख्खा ऑक्टोबर मी स्वतःला ढ समजत होतो रे. आमच्या घरात तिसरी पिढी या कामात, आणि मला एक भोक पाडता येईना. बाबांना फोन करून म्हटलं, मी सोडतोय."

मला हे माहीत नव्हतं. मी त्याचे तुकडे रोज दुरुस्त करत होतो आणि मला हे माहीत नव्हतं.

९ नोव्हेंबर, बुधवार

एक गोष्ट जुळत नाही. मी जिग वडिलांच्या भोकांच्या टेबलावरून घेतलं, आकार सोडून काहीही न बदलता. ते माझ्या हाताला बरोबर बसतं, म्हणजे ते टेबल डावखुऱ्याचं आहे. पण वडील उजव्या हाताने काम करतात. माझे दोन्ही भाऊ आणि काकाही. त्या कारखान्यात डावखुरा मी एकटाच होतो. उजव्या हाताच्या माणसांनी आपलं टेबल असं का बनवावं?

आईला पत्र लिहून विचारलं. त्यांच्याकडे फोन नाही.

१४ नोव्हेंबर, सोमवार

बाईंनी बोलावलं. मी आधीच ठरवून गेलो होतो की कारणं द्यायची नाहीत.

"आम्ही आठवे आलो, बाई."

"मलाही मोजता येतं. बस." त्यांनी वही उघडली. "एकतिसाव्या मिनिटाला तू त्या मुलीला काय म्हणालास?"

"काय करायचं मला माहीत नाही, असं म्हणालो."

"आणि?"

"तू काय करशील, असं विचारलं. पण बाई, ते मला खरंच माहीत नव्हतं. ती युक्ती नव्हती."

"युक्ती असती तर मी लिहून घेतलं नसतं."

त्यांनी खणातून एक कागद काढला, सही केली आणि माझ्याकडे दिला. ९ जानेवारीपासून, तीच शाळा, सातवी आणि आठवी. मी तो उभ्यानेच वाचला. माझ्या नावाचं स्पेलिंग बरोबर होतं. मी विचारलं की आठवे येऊनही कसं काय. त्या म्हणाल्या, "जा आता, मला तास आहे."

मला अजून नीटसं कळलेलं नाही. आनंद झाला आहे, तो कळतो.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

कार्यशाळेत जिग खोलून सुटे भाग टेबलावर मांडले आणि त्या दोघांना बोलावलं. क्लॅम्प कुठे बसवायचा ते तुम्ही सांगा, म्हटलं. ब्रेंटने तो वरच्या बाजूला, मधोमध ठेवला. तिथे तो टिकणार नाही हे मला दिसत होतं. मी खुर्चीवर बसून राहिलो. फार कठीण गेलं. दोनदा उठलो, दोनदा बसलो. यारेलिस म्हणाली, "याला कोणीतरी कॉफी द्या."

क्लॅम्प टिकला नाही. ब्रेंट म्हणाला, "हां, हां, बोलू नकोस," आणि त्याने त्याखाली एक फळी टाकली. आता तो टिकतो. दोन्ही हातांनी चालतो. हे मला सुचलं नसतं.

१९ नोव्हेंबर, शनिवार

आईचं पत्र आलं. चार पानं. दोन लग्नं झाली, जेवणावळींसाठी सेलरीची भाजी चिरून चिरून तिचे हात हिरवे झाले. धाकट्या घोडीचा पाय बरा आहे. तिसऱ्या पानावर, मध्येच:

"भोकांच्या टेबलाचं विचारलंस. ते आधी सरळच होतं. तू नऊ वर्षांचा असताना तुझ्या वडिलांनी फिरवलं. त्यात एक अख्खा शनिवार गेला. हवेची नळीसुद्धा काढून दुसऱ्या अंगाने घेतली. काका पुष्कळ दिवस कुरकुरत होता की हात गुंततात. तू गेल्यावर त्याने दोनदा विचारलं, आता परत फिरवू का. तुझे वडील राहू दे म्हणाले. अजून तसंच आहे. गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला येणार असशील तर पावणेअकरापर्यंत ये, टर्की लवकर होईल."

मी हे चार वेळा वाचलं.

नऊ वर्षांचा असताना मी त्या टेबलाशी पहिल्यांदा उभा राहिलो, ते आठवतं. काम सोपं वाटलं होतं, तेही आठवतं. त्याआधी काही दिवस मला काय अडत होतं, ते आठवत नाही. त्यांनी मला काही विचारलं नव्हतं. मीही काही सांगितलं नव्हतं. मग त्यांना कळलं कसं? कुठे उभे राहून पाहत होते, किती दिवस?

आणि दुसरं. मला घर सोडून सहा वर्षं झाली. तिथे चार माणसं रोज उलट्या टेबलावर काम करतात. त्यात वेळ जातो, लाकूडही वाया जात असणार. वडील काटेकोर माणूस आहेत, असला गैरसोयीचा प्रकार ते एक दिवस चालू देत नाहीत. हा का चालू दिला, याचं कारण मला सापडत नाही.

गुरुवारी जाणार आहे. त्यांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहिले होते, सात झाले. पाच खोडले. उरलेले दोन मी जेवणाआधी कारखान्यातच विचारीन, आणि ते लगेच बोलले नाहीत तर उभा राहीन.